‘पोट साफ झालं का?’ हे विचारायला लाजू नका

मैत्रिणींनो, आजारी माणसाला भेटायला गेलो की आपण किती प्रश्न विचारतो! ताप उतरला का, टाके दुखतात का, झोप लागली का, जेवण जातं का? पण एक प्रश्न आपल्या ओठांवर येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तो आपण दिवसातून दहा वेळा विचारतो. मोठ्या माणसाला, त्यातून सासरच्या बाईमाणसाला, विचारायची मात्र लाज वाटते. आणि पोटाच्या ऑपरेशननंतर तर तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो.

हे मी शिकले ते आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या आजारपणात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या राहतात खेड्यात. कितीतरी दिवस जेवण झालं की त्यांना उजव्या कुशीत कळ यायची आणि ती पाठीपर्यंत जायची. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. शेवटी सोनोग्राफी झाली आणि पित्ताशयात खडे निघाले. सोलापूरच्या एका इस्पितळात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि तपासणीला जवळ पडावं म्हणून त्या इथे कुंभारीला आमच्याकडे राहिल्या.

आमच्या कुंभारीला पाहुण्या रुग्णांचं नवल नाही. इथे वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, सोलापूर शहरही जवळ. त्यामुळे अक्कलकोटकडच्या आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांतून माणसं येतात आणि ऑपरेशन झालेली काकू, मावशी, नणंद आठवडा-पंधरा दिवस कुणाच्या तरी घरी टेकते. म्हणजे इस्पितळातली शुश्रूषा संपली की उरलेली आपल्यासारख्या गृहिणींच्या पदरात येते. ती नीट माहीत असायला हवी, म्हणून आजचा हा विषय.

अक्कांचं काय झालं?

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पेज अर्धी राहिली. तिसऱ्या दिवशी ‘भूकच नाही गं’ म्हणाल्या. चौथ्या दिवशी शाळेतून आले तर उशाशी सकाळी भरून ठेवलेला तांब्या तसाच! घोटभरसुद्धा पाणी प्यायलेलं नाही. पोट जरा फुगल्यासारखं दिसत होतं. जवळ बसले, खोदून खोदून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, “परसाकडे झालंच नाही बघ, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून.”

“अहो अक्का, मग सांगायचं नाही का?”

“कसं सांगू? मामंजी समोर बसलेले, भाऊजी घरात. संडासाचं दार त्यांच्या पुढ्यात. मला वेळ लागतो, उठताना कण्हायला होतं. म्हटलं, पाणीच कमी पिते, म्हणजे जायलाच नको.”

मी सुन्न झाले. घरात औषधं वेळेवर चालली होती, फळं आणली होती, आल्यागेल्याला चहा होत होता. आणि त्या बाईनं चार दिवस तोंडावर पट्टी बांधून घेतली होती! चूक त्यांची नव्हती. ती आम्ही कुणी विचारलंच नव्हतं याची होती.

तेवढ्यात आत्याबाईंनी उपाय सांगितला, “दोन चमचे एरंडेल दे गरम चहातून, सकाळी मोकळी होईल.” मी चहा टाकलासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, आधी वॉर्डातल्या सिस्टरना फोन केला. त्यांनी पटापट विचारलं, “वारा सरतो का? उलटी आहे का? पोट दाबल्यावर टणक लागतं का? ताप? डोळे पिवळे?” वारा सरत होता, उलटी नव्हती, पोट मऊ होतं. सिस्टर म्हणाल्या, “एरंडेल मुळीच देऊ नका. डॉक्टरांशी बोला.” डॉक्टरांनी वेदनेची गोळी बदलली, शौच मऊ करणारं एक पातळ औषध लिहून दिलं आणि चालायला सांगितलं. आम्हीही घराचं थोडं वेळापत्रक बदललं, ते पुढे सांगते. दोन दिवसांत काम झालं. त्या दुपारी अक्कांनी आपणहून भाकरी मागितली.

आतडी का रुसतात?

पित्ताशय काढलं तरी आतड्यांना कुणी हात लावलेला नसतो, मग ती का बंद पडतात, असं मला वाटे. कारणं चार आहेत. एक, भूल. भुलीच्या औषधांनी सगळ्या शरीरासारखी आतडीही सुस्तावतात. दोन, पोटात झालेली ढवळाढवळ. तीन, वेदनेची काही औषधं. ट्रॅमाडॉल, कोडीन अशा जातीच्या गोळ्या दुखणं थांबवतात, पण आतड्यांची हालचालही मंदावतात. आणि चार, आपलं घरगुती कारण : पडून राहणं, थोडं खाणं आणि पाणी न पिणं. कुणाला रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही शौचाला घट्ट होतं.

आतडी जागी होतात तीही क्रमानं. लहान आतडं लवकर, साधारण दिवसाच्या आत. जठराला एक-दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यांत आळशी, त्याला दोन-तीन दिवससुद्धा लागतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे सगळं लवकर होतं, पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर उशिरा. वारा सरणं ही गाडी सुरू झाल्याची शिट्टी! तो सरला म्हणजे लाजायचं नाही, आनंदानं सांगायचं. शौचाला मात्र त्यानंतरही एक-दोन दिवस लागू शकतात. पोटात अन्न फारसं गेलेलंच नसतं, तेव्हा एवढ्यानं घाबरू नये.

पूर्वी पोट उघडूनच हे ऑपरेशन होई. जगात पहिल्यांदा ते 1882 साली बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी केलं. पुढे शंभर वर्षं तीच तऱ्हा होती : बरगडीखाली हातभर काप, आठ-दहा दिवस इस्पितळ, आणि ‘वारा सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही’ हा कडक नियम. 1985 मध्ये जर्मनीतच एरिख म्यूए यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ते पहिल्यांदा केलं. आता तीन-चार छोटी छिद्रं पाडतात आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर त्याच दिवशी घोट घोट पाणीही देतात. तेव्हा ‘आमच्या वेळी चार दिवस उपाशी ठेवत होते’ असं म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी पेशंटचा पेला काढून घेऊ नये. डॉक्टरांनी जे सांगितलं असेल तेच खरं.

आणखी एक गंमत सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि दोन-तीन दिवस खांदा दुखतो. ‘पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतो?’ म्हणून बायका घाबरतात. हा वायू आतड्यात नसतो, आतड्यांच्या बाहेर पोकळीत असतो. तेव्हा ओवा-सोडा देऊन ढेकर काढायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. तो रक्तात मुरून आपोआप जातो. चालण्याफिरण्यानं बरं वाटतं. पण खांदेदुखीबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

पहिलं औषध : पाय

डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली की त्याच दिवशी पेशंटला चालवायचं. पहिल्यांदा कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडायला सांगा, मग हातावर भार देऊन बसू द्या. चक्कर येत नाही असं पाहून उभं करा. खोकला-शिंक आली तर छोटी उशी पोटाशी धरायची, म्हणजे टाक्यांना आधार मिळतो. आधी खोलीतल्या खोलीत, मग व्हरांड्यात, दर दोन-तीन तासांनी पाच-दहा मिनिटं. एकदाच दमेपर्यंत चालण्यापेक्षा हे बरं. चालण्यानं आतडी जागी होतात, शिवाय पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो.

दुखतंय म्हणून पेशंट हलत नाही आणि हलत नाही म्हणून पोट चालत नाही, असं ते रहाटगाडगं असतं. म्हणून वेदनेची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ‘या गोळीनं शौचाला घट्ट होतं का, दुसरी चालेल का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. बऱ्याच जणींचं पॅरासिटामॉलवर भागतं आणि त्यानं पोट बांधलं जात नाही.

चालणं म्हणजे कामाला लागणं नव्हे बरं का! पाण्याची घागर, गव्हाचा डबा, कडेवरचं मूल हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत वर्ज्य. आमच्याकडे विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे. त्या मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसतात. अशा बैठ्या कामाच्या बायकांनी पुन्हा काम सुरू केल्यावरही तासा-तासानं उठून अंगणात एक फेरी मारावी.

खाणं-पिणं

पाणी सर्वांत आधी. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर आपलंही अंग सुकून जातं, मग आजारी माणसाचं काय! तांब्या उशाशी ठेवून भागत नाही. दर तासाला अर्धा पेला हातात द्यावा लागतो. कोमट पाणी, ताक, भाताची पेज, डाळीचं पातळ वरण, नारळपाणी, काहीही चालेल. लघवी फिक्या रंगाची होऊ लागली म्हणजे पाणी पुरतंय असं समजा. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पहिले एक-दोन दिवस पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीची आसट खिचडी. मग ज्वारीच्या कण्या ताकात कालवून. आमच्या भागात आजाऱ्याला हा आहार पिढ्यानपिढ्या देतात, आणि तो पोटाला हलकाही आहे. पुढे मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, दुधी, दोडका, पडवळ, पालक, पिकलेली पपई, भिजवलेल्या मनुका. एकदम पालेभाज्यांचा आणि कोंड्याचा मारा करू नका, पोट फुगतं. चोथा रोज थोडा थोडा वाढवायचा आणि त्याबरोबर पाणीही वाढवायचं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खाणं बरं.

आता तेल-तुपाचं. यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. पित्ताशय म्हणजे त्याची छोटी टाकी, पन्नास मिलिलिटरच्या आतबाहेरची. नळाला पाणी ठराविक वेळी येतं म्हणून आपण टाकीत भरून ठेवतो आणि लागेल तेव्हा भरपूर सोडतो, तसंच. तेलकट जेवण आलं की टाकीतून दाट पित्त एकदम सुटायचं. आता टाकी काढली. पित्त बंद झालेलं नाही, पण ते सारखं थेंब थेंब येत राहतं. म्हणून सुरुवातीला एकदम तळकट खाल्लं तर पोट गुबारतं किंवा ढाळ होतात. आपली शेंगांची चटणी, त्यावर तेलाची धार, भजी, मटणाचा रस्सा, यांना काही आठवडे रजा द्या. मग चमचा-चमच्यानं परत आणा. जन्मभर उकडलेलं खायची शिक्षा कुणाला नसते. बहुतेकांना हळूहळू पहिल्यासारखं जेवता येतं.

संडासाची व्यवस्था

हे कुठल्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या घरी जे बदललं ते एवढंच : सकाळी कोमट पाणी आणि काहीतरी खायला दिल्यावर अर्धा तास पुरुष मंडळी घराबाहेर! कुणी दूध आणायला, कुणी फिरायला. मामंजींना खरं कारण सांगायला ह्यांना जरा जड गेलं, पण सांगितलं. आणि ते वयस्कर गृहस्थ काठी घेऊन निमूटपणे रोज चौकापर्यंत जाऊ लागले.

वेळ सकाळचीच का, तर खाल्ल्यावर, विशेषतः सकाळच्या पहिल्या खाण्यानंतर, मोठं आतडं आपोआप हलतं. ही वेळ दवडू नये. आलेली कळ दाबली तर शौच आणखी सुकतं. दहा मिनिटं शांत बसायचं, कुंथायचं नाही. झालं तर झालं, नाही तर उठायचं. कमोड असेल तर पायांखाली बुटका पाट किंवा स्टूल ठेवा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि सोपं जातं. देशी संडासात बसताना-उठताना धरायला भिंतीला दांडी नसेल तर समोर जड स्टूल ठेवा. दाराला आतून कडी नको, फक्त लोटून घ्यावं. आणि तुम्ही हाकेच्या अंतरावर असा.

औषधांचं तारतम्य

एरंडेल, जुलाबाच्या गोळ्या, चूर्णं, एनिमा यांतलं काहीही ऑपरेशननंतर आपल्या मनानं नको. ही औषधं आतड्यांना जोरानं पिळतात. आतडं काही कारणानं अडलं असेल तर त्यातून घात होऊ शकतो. डॉक्टर लॅक्टुलोजसारखं पातळ औषध देतात, ते शौचात पाणी धरून ठेवतं. त्याला काम करायला एक ते दोन दिवस लागतात. ‘काल घेतलं, काहीच झालं नाही’ म्हणून वर दुसरं घेऊ नका. इसबगोल चालेल असं डॉक्टर म्हणाले, तर ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायचं आणि इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवायचं. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं.

काहींचं याच्या उलट होतं. जेवलं की लगेच पळावं लागतं. ते थेंब थेंब येणारं पित्त मोठ्या आतड्यात जास्त उतरलं की असं होतं. बहुधा काही आठवड्यांत ते आपोआप थांबतं. तोवर तेलकट, खूप तिखट आणि चहा-कॉफी कमी करावी, पाणी भरपूर प्यावं. महिना झाला तरी थांबत नसेल तर गप्प बसू नका. पित्त बांधून धरणारी औषधं आहेत, डॉक्टर ती देऊ शकतात. लग्नकार्याला जाणं टाळत, प्रवासाला घाबरत वर्षानुवर्षं काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याची काही गरज नाही.

हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर

– पोट फुगत चाललं आहे, टणक लागतं आहे, वारा सरत नाही आणि उलट्या होत आहेत.
– पोटात दुखणं कमी होण्याऐवजी वाढत आहे.
– ताप किंवा थंडी वाजून येणं.
– डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं.
– शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं चिकट शौच. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होतं ते वेगळं, पण शंका असली तर विचारावंच.
– टाक्यांतून पू किंवा हिरवट-पिवळं पाणी.
– पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं.

आणि यांतलं काहीच नसेल, वारा सरत असेल, पण घरी आल्यावर तीन दिवस शौचाला झालं नसेल, तर निदान फोन करून विचारा. वहीत रोज तीन गोष्टी टिपा : पाणी किती, चालणं किती, पोट साफ झालं की नाही. तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. डॉक्टरांसमोर बाई बोलत नाही, पण वही बोलते.

मैत्रिणींनो, आपण घरातल्या सगळ्यांची पोटं सांभाळतो. कुणाला काय पचतं, कुणाला काय बाधतं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण आपण स्वतः अंथरुणाला खिळलो की आपलं पोट कुणाच्याच वहीत नसतं, आणि आपणही ते पदराआड झाकतो. अक्का गावी परत जाताना म्हणाल्या, “तू विचारलंस म्हणून सांगितलं गं. नाही तर अजून तशीच बसले असते.”

म्हणून सांगते, विचारा. आणि आपल्यावर पाळी आली तर कुणी विचारायची वाट न पाहता सांगा.